न घातलेले पाणी

पिंप रिकामे झाले तेव्हा अंगणात आम्ही सहा माणसे होतो. आतला माल चाखण्याची कायद्याने परवानगी त्यांपैकी एकालाच होती, आणि त्याने चाखून दिलेला निर्णय चुकीचा होता. ही चूक तिथल्या तिथे सगळ्यांच्या लक्षात आली. निर्णय मात्र बदलला नाही.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा आर्वी तालुक्याचा वार्ताहर होतो. कापसाचे भाव, कोर्टातले निकाल, कुठे विहिरीत बैल पडला तर तो, अशा बातम्या मी पाठवत असे. लिहिता-वाचता आणि कोणाच्याही बाजूचा नसलेला माणूस म्हणून सरकारी अधिकारी मला पंच म्हणूनही बोलवत. त्या दिवशी मी तिथे होतो तो पंच म्हणून.

आदल्या वर्षी राज्यांची फेरमांडणी होऊन आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघाला आणि मुंबई राज्यात गेला. कचेऱ्या त्याच राहिल्या, आतली माणसे बदलली. दारूबंदी खात्यात जो नवा इन्स्पेक्टर आला तो कोकणपट्टीत नोकरी केलेला, तरुण आणि कामाचा माणूस होता. जुनी रेंगाळलेली कामे उपसून काढायची असे त्याने ठरवले होते. त्यांत हे पिंप निघाले.

पिंप रोहण्याच्या पुढच्या एका लहान गावात होते. मालक जातीने कलार. गाव त्याला सावजी म्हणे. बापापासून त्याच्याकडे भट्टीचा आणि दुकानाचा परवाना होता. दारू मोहाची निघे. पण एका वर्षी ऐन फुलांच्या दिवसांत आभाळ राहिले आणि मोह वाया गेला. त्याच सुमारास आर्वीच्या बाजारात पाणी सुटलेला गूळ पडून होता. सावजीने तो उचलला, सडवला, दोनदा गाळला, आणि पहिल्या धारेचा तेवढा माल एका विलायती लाकडाच्या पिंपात भरून ठेवला. हे पिंप त्याच्या बापाने कामठीच्या छावणीतल्या लिलावात घेतले होते. साहेबांची ब्रँडी त्यात असे, असे सांगत.

माल पुढच्या होळीला काढायचा होता. होळीच्या आधी आमच्या भागात दारूबंदीचा हुकूम आला. खात्याची माणसे आली, दुकानातला साठा गाड्यांवर घालून घेऊन गेली. पिंप चढवताना गाडीचा कणा मोडला. तेव्हाच्या अधिकाऱ्याने पिंपाच्या तोंडावर लाखेचे सील केले, आत काय आहे, किती आहे, किती तेज आहे हे नोंदवले, आणि पुढचा हुकूम येईपर्यंत सांभाळायला म्हणून ते सावजीच्याच ताब्यात दिले. गुळाची दारू विलायती पिंपात आहे म्हटल्यावर नोंदीत त्याने तिला 'रम' म्हटले. सावजीने हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पुढचा हुकूम दहा-बारा वर्षे आला नाही. सावजीने दुकानाच्या जागेत धान्य आणि मीठमिरची विकायला सुरुवात केली. मापाला खरा अशी त्याची ख्याती होती. मागच्या टिनाच्या खोलीत पिंप होते आणि त्या खोलीची किल्ली त्याच्या करगोट्याला असे. गावात अधूनमधून कोणी डिवचायचे, "सावजी, पिंप भरलंच हाय ना, का नुसतं सील राह्यलं?" सावजी हसायचा. पण प्रत्येक वेळी घरी जाऊन सील पाहून यायचा, असे त्याच्या बायकोने मला पुढे सांगितले.

इन्स्पेक्टरचा बेत साधा होता. माल नोंदीतलाच आहे अशी खात्री पटली तर तो जिल्ह्याबाहेरच्या सरकारमान्य कारखान्याकडे पाठवायचा. खात्री पटली नाही तर माल बदलला असे लिहून तो नष्ट करायचा. सावजीला पिंपाचा मोबदला मिळणार नव्हता. त्याला एवढेच हवे होते की पिंप गाडीवर चढून भर दिवसा गावातून जावे. बाकीचा साठा गेला तसा.

खात्री करण्यासाठी रम ओळखणारा आणि पिण्याचा परवाना असलेला माणूस हवा होता. आर्वीत असे एक गृहस्थ होते. पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांना दम्यावर डॉक्टरच्या चिठ्ठीने परवाना मिळालेला होता. "दमा मले अन् तोंड सुकते गावाचं," असे ते स्वतःच सांगत.

आम्ही बसने रोहण्यापर्यंत गेलो. सावजीने दमणी पाठवली होती. ज्याच्या मालाची तपासणी करायची त्याच्या गाडीत बसणार नाही, असे सांगून इन्स्पेक्टर चालू लागला. मीही त्याच्याबरोबर चालू लागलो. ऊन मी म्हणत होते. सुभेदार दमणीत चढले.

"तुमचे पाय सरकारी, साहेब. माये घरचे हायेत," ते म्हणाले.

गावाच्या शिवेवर कोतवाल भेटला. सरकारी कामाला हजर राहायचे त्याला आदेश होते. आदल्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन धम्म घेऊन आला होता आणि तेव्हापासून त्याने दारूचे नाव सोडले होते. त्याआधी तो याच दुकानाचा गिऱ्हाईक होता, आणि हे त्याने लपवले नाही.

"सुभेदार साहेब, पानी किती टाकता तुमी?" त्याने दमणीच्या बाजूने चालता चालता विचारले.

"पानी? पानी ढोराले पाजतेत. आपन सुकी घेतो."

"सुकी? अन् दमा?"

"दमा भेऊन पयते."

दमणी हाकणारा हसला, कोतवालही हसला. इन्स्पेक्टर पुढे होता, पण त्यानेही ऐकले. या थट्टेतल्या वाक्याला तासाभरात वजन येणार होते.

सावजी दारात उभा होता. बुटका, अंगात धुतलेली बंडी, डोक्याला पांढरी टोपी. सत्तरीकडे झुकलेला असावा. त्याने सगळ्यांना गुळाचा खडा आणि पाणी दिले. इन्स्पेक्टरने पाणी घेतले, गूळ घेतला नाही.

टिनाच्या खोलीत भट्टीसारखी धग होती. पिंप दोन ओंडक्यांवर आडवे होते. त्याच्या कड्यांवर गंज होता आणि लाकूड काळे पडले होते. लाखेचे सील तडकलेले होते, पण कोणी उघडलेले नव्हते. इन्स्पेक्टरने ते भिंगातून पाहिले, मला दाखवले, मग तोडले. बूच निघाले तसा एक तिखट वास खोलीत आला. डोळ्यांना झोंबणारा. आम्ही सगळेच मागे झालो. सावजी झाला नाही.

इन्स्पेक्टरने आत वेताची काठी घातली आणि बाहेर काढून ओली खूण पाहिली.

"अर्ध्याच्या वर गेलंय."

"कुठी जाईन साहेब? खोली बंद, सील तसंच."

"तेच विचारतोय."

"उन्हाळ्यात सुकते ना. रांजनातलं पानी नाई का सुकत?"

"सुकतं, मान्य आहे. इतकं?" इन्स्पेक्टरचा आवाज चढलेला नव्हता. त्याने नळकांड्यात माल घेतला आणि त्यात तेज मोजायचा काचेचा मापक सोडला. मापक जिथे थांबला तिथे त्याने दोनदा वाकून पाहिले. मग मलाही पाहायला सांगितले, आणि जुनी नोंद वाचून दाखवली. माल भरताना जेवढा तेज होता त्याहून आता जास्त तेज होता.

"सावजी, मी समुद्राकाठी नोकरी केली आहे. तिथं अशी पिंपं डोळ्यांनी पाहिलीत. माल ठेवला की कमी होतो आणि हलकाही होतो. दर वर्षी थोडा. जास्त तेज झालेला मी एकही पाहिला नाही."

सावजीलाही हे समजत नव्हते. त्याच्या दुकानात माल कधी वर्षभर टिकलाच नव्हता.

यामागचे कारण मला फार पुढे कळले. एका मद्याच्या कारखान्यावर लिहायला गेलो असताना तिथल्या रसायनतज्ज्ञाने ते सहज सांगितले. दमट हवेत लाकडातून मद्यार्क आधी उडतो, म्हणून माल हलका होतो. कोरड्या हवेत पाणी आधी उडते आणि माल तेज होतो. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा. इन्स्पेक्टरने पाहिले होते ते खरे होते, फक्त ते समुद्राकाठचे होते. त्या खोलीत हे सांगणारा कोणी नव्हता.

"पिंपाला बारीक भोक पाडून माल काढता येतो," इन्स्पेक्टर म्हणाला. "नंतर हातभट्टीचा भरता येतो. खुंटी मारली की दिसत नाही. मी तुम्ही केलं म्हणत नाही. पण बदलला असेल तर चवीला कळेल. लाकडात दहा वर्षं मुरलेला माल कोणाला एका महिन्यात करता येत नाही. सुभेदार साहेब, या."

सुभेदारांसाठी अंगणात कडुनिंबाखाली बाज टाकली होती. माल नळकांड्यातून काचेच्या पेल्यात ओतला. त्यांनी पेला आधी उजेडात धरला. रंग जुन्या चहाच्या अर्कासारखा, काठाला तांबूस. पेला कलवून सरळ केला तेव्हा काचेवरून तेलासारख्या जाड रेघा सावकाश उतरल्या. सुभेदारांनी हे सगळे नीट केले, त्यांना त्याची सवय दिसत होती. मग त्यांनी पेला नाकाशी नेला आणि डोके झटकन मागे घेतले.

"तेज हाय."

"ते मापकानं सांगितलं. रम आहे का?"

सुभेदारांनी घोट घेतला. तो त्यांनी तोंडात ठेवला नाही, गिळून टाकला. डोळ्यांत पाणी आले. थोडे थांबून त्यांनी दुसरा घोट घेतला, आणि तोही तसाच. पलटणीत जी रम मिळे ती मला माहीत आहे, पुढे मी ती चाखली. ती करपवलेल्या साखरेने काळी आणि गोड केलेली असते, बाटलीत भरण्याआधीच पाणी घालून सौम्य केलेली असते, आणि शिपाई तीत आणखी पाणी घालतात. सुभेदारांची सगळी ओळख त्या रमशी होती.

"कडू हाय," ते म्हणाले. "रम गोड लागते. हे लाकडाच्या भुशावानी लागून राह्यलं. अन् जिभेले आग. आता मले काईच चव नाई लागून राह्यली."

"म्हणजे रम नाही?"

सुभेदार पेल्याकडे पाहत राहिले.

सावजी पुढे आला. त्याने पेल्याला हात लावला नाही. वाकून वास घेतला, सरळ झाला, परत वाकला.

"साहेब, एक सांगू का? थोडं पानी टाकून पाहा. चार थेंब. आमच्या दुकानी पहिल्या धारेची कोनाले तशी नाई देत होतो. पानी पडलं का वास उघडते."

"मुद्देमालात पाणी?" इन्स्पेक्टर हसला नाही. "माल आहे तसा तपासायचा असतो. मी पाणी घातलं तर उद्या तुम्हीच म्हणाल साहेबांनी भेसळ केली."

"मी नाई म्हननार. हे पत्रकार बसले ना, यायच्या समोर सांगतो."

"तुम्ही सांगून नियम बदलत नाही. सुभेदार साहेबांना पाणी हवंय का? त्यांनी मागावं. त्यांच्या पेल्यात ते घालून घेऊ शकतात. तसं मी लिहीन."

सगळ्यांनी सुभेदारांकडे पाहिले. कोतवाल बाजेपासून हातभर अंतरावर उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर वाटेतल्या थट्टेचे हसू अजून पुरते गेलेले नव्हते.

"मले काऊन पाहिजे पानी?" सुभेदार म्हणाले. "चाखून झालं ना."

आयुष्यात एकदाही आपण रम पाण्याशिवाय घेतली नव्हती, असे त्यांनी मला परतीच्या बसमध्ये सांगितले.

"मग सावजी, तुम्ही चाखा," इन्स्पेक्टर म्हणाला. त्याच्या बोलण्यात कपट नव्हते. त्याला हे काम न्यायाने संपवायचे होते. "माल तुम्ही केलात. तुमच्या जबाबदारीवर एक घोट घ्या आणि सांगा, हीच ती दारू. मी तुमचं म्हणणं जसंच्या तसं घेतो. परवान्याचं मी पाहतो."

सावजीने हात मागे बांधले.

"साहेब, आमच्या घरी विकनारा पीत नाई."

"पीत नाही म्हणजे? कधीच नाही?"

"मायं माप हाती आलं तवा बापानं भट्टीच्या तांब्याच्या हंड्यावर हात ठेवून शपथ घ्याले लावली. आज्यानं बापाले लावली होती. जो कलार आपला माल पेते त्याचं माप खरं राहत नाई. मी वासावरून सांगतो, हातावर चोळून सांगतो, पेटवून सांगतो. जिभेवर नाई ठेवली कधी."

"दुकान बंद होऊन इतकी वर्षं झाली."

"शपथ दुकानाची नव्हती ना."

ओटीच्या आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. ती दाराआड बसून सगळे ऐकत होती.

"घ्या ना वो एक घोट! साहेब म्हनते ना. बापाची शपथ बापासंगं गेली."

सावजीने दाराकडे पाहिलेही नाही.

"औषध समजून घ्या! गाव हसून राह्यलं इतके दिवस, ते हसनं तरी थांबन!"

"तू आत राय."

इन्स्पेक्टरने वाट पाहिली. मी तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. त्यावरचा संशय वाढत गेलेला मला दिसला. ज्याने माल केला तो एक घोट घ्यायला तयार नाही, याचा अर्थ त्याच्या नोकरीत त्याने एकच पाहिला होता. आत काय भरले आहे हे त्या माणसाला ठाऊक आहे. सावजीच्या घरात मात्र न पिणे हाच खरेपणाचा पुरावा होता, आणि तो इतका जुना होता की आपल्यावर तो उलटू शकतो हे त्याच्या ध्यानात आले नाही.

"सुभेदार साहेब, शेवटचं विचारतो. रम आहे?"

"मी पेतो ती नाई," सुभेदार म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "कोनी तरी तेज माल भरला असन."

इन्स्पेक्टरने ते लिहून घेतले, त्यावर सुभेदारांची सही घेतली आणि निर्णय सांगितला. माल नोंदीतला नाही. तो नष्ट करायचा. सील शाबूत असल्याने कोणी बदलला हे सिद्ध होत नाही, म्हणून खटला भरायचा नाही. त्याच्या दृष्टीने ही सवलत होती.

"खटला भरा, साहेब," सावजी म्हणाला.

"काय?"

"खटला भरा मायावर. जेलात टाका. पन माल माया हाय असं लिहा."

"सावजी, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळत नाहीये. मी तुम्हाला सोडतोय."

सावजीने टोपी काढली, परत घातली. नंतर तो भिंतीला टेकून खाली बसला आणि शेवटपर्यंत उठला नाही.

पिंप ओंडक्यांवरून उतरवून अंगणात आणायला कोतवाल, दमणीवाला आणि मी, तिघे लागलो. अंगणाला उतार होता, कडेने सांडपाण्याची चर जात होती. इन्स्पेक्टरने चर पाहिली आणि सुभेदारांनी पेटवलेली विडी पाहिली.

"विडी विझवा. आणि आधी पाणी सोडा चरीत. इतकी तेज आहे, एक ठिणगी पडली तर गवताची गंजी जाईल. ओतताना वरून पाणी चालू ठेवा. भरपूर."

कोतवालाने विहिरीवरून बादल्या आणल्या. चर भरून वाहू लागली. मग त्याने पिंपाचे बूच उपटले. तांबूस धार पडली, आणि दमणीवाल्याने तिच्यावर बादली ओतली.

मी वास लिहायला शिकलेलो नाही. वर्तमानपत्रात त्याची गरज पडत नाही. जे आठवते ते क्रमाने सांगतो. पहिली बादली पडली तशी ती डोळ्यांत झोंबणारी आग गेली. मग गुऱ्हाळाच्या कढईचा वास आला, रस दाटून गूळ होऊ लागतो त्या वेळचा. त्याच्या पाठोपाठ वाळलेल्या संत्र्याच्या सालीचा. मनुकांचा. त्याखाली जुन्या लाकडी पेटीचा, ज्यात कोणी कधी वेलदोडे ठेवले असावेत. वास अंगणात मावला नाही. शेजारच्या घरातली एक बाई कुंपणाशी आली आणि काय शिजते आहे म्हणून पाहू लागली.

कोतवालाच्या हातात रिकामी बादली होती. त्याने ती खाली ठेवली.

"सावजी," तो म्हणाला, "आमाले कधी अशी नाई पाजली!"

कोणी हसले नाही. तोही नाही.

सुभेदार बाजेवरून उठले होते. ते चरीपर्यंत आले, वाकले, आणि जिथे धार आणि पाणी एक होत होते तिथे ओंजळ धरली. तोंडाला लावली. या वेळी त्यांनी घोट तोंडात ठेवला. बराच वेळ.

"साहेब, थांबवा," ते म्हणाले.

कोतवालाने हुकमाची वाट न पाहता बूच दाबले. पिंपात तळाशी काही शिल्लक होते की नाही ते कळत नव्हते. हलवल्यावर थोडे वाजले.

"रम हाय, साहेब. असली मी पाह्यली नाई. आधी गूळ लागते, मंग संत्र्याची साल, मंग शेवटी कडू. पन ते कडू चांगलं हाय. ते लाकडाचं हाय. हे कोनी महिन्याभरात नाई करू शकत."

इन्स्पेक्टरलाही वास येत होता. त्याने चरीकडे पाहिले, हातातल्या कागदाकडे पाहिले. मला वाटते, त्याने खरोखर विचार केला.

"सुभेदार साहेब, तुम्ही मघाशी वेगळं सांगितलंत. त्यावर सही केलीत. आता ज्यावरून सांगताय त्यात विहिरीचं पाणी आहे, चरीतली माती आहे. हे मी कसं लिहू?" आणि जरा थांबून, "आता लिहून काय करू? पाठवायला काय उरलंय?"

तळाचे तेवढे त्याने ओतायला लावले. पंच म्हणून मी सही केली. लिहिलेला मजकूर जे घडले त्याच्याशी जुळत होता. सुभेदारांची दुसरी चव त्यात नव्हती, कारण ती मालाची नव्हती, सांडपाण्याची होती.

जाताना सावजी भिंतीशीच बसला होता. सुभेदार त्याच्यासमोर थांबले.

"सावजी, तुमचीच हाय."

"मले माहीत हाय," सावजी म्हणाला. "साहेबाले सांगाचं होतं."

सुभेदार त्या वेळी दमणीत बसले नाहीत. रोहण्यापर्यंत आमच्याबरोबर चालत आले, दम लागत असतानाही.

मी बातमी पाठवली. चार ओळी छापून आल्या. पुढे सुभेदार आर्वीच्या कचेरीत दोनदा जबाब द्यायला गेले. पहिल्या वेळी इन्स्पेक्टर फिरतीवर होता, दुसऱ्या वेळी त्याची बदली झालेली होती. नव्या माणसाला पिंपाचे प्रकरण संपलेले दिसले आणि संपलेले प्रकरण उघडायचे त्याला कारण दिसले नाही.

रोहण्याकडे काही काम निघाले की मी सावजीच्या दुकानात टेकत असे. तो चहा मागवायचा, पीकपाण्याचे बोलायचा, आणि निघायच्या वेळी ठरलेला प्रश्न विचारायचा.

"त्या दिवशी सुभेदारानं कशी सांगितली होती? चव?"

मी शब्द न बदलता सांगायचो. आधी गूळ, मग संत्र्याची साल, शेवटी कडू, पण चांगले कडू. तो मान हलवत ऐकायचा. कधी मध्येच थांबवून विचारायचा, "संत्र्याची साल ओली का वाळेल?" वाळलेली, मी सांगायचो. आतून बायको म्हणायची, "एक घोट घेतला असता तं दुसऱ्याले इचाराची पाळी आली नसती."

शेवटचा मी त्याला भेटलो तेव्हा बाजाराचा दिवस होता. दुकानात गिऱ्हाईक होते, परगावची दोन-तीन माणसे आणि गावातला एक जण. विषय कुठून निघाला मला माहीत नाही, मी पोचलो तेव्हा सावजी ज्वारी मोजता मोजता सांगत होता. डोळे मापावर, आवाज खालचा.

"आधी गूळ लागते. मंग संत्र्याची साल, वाळेल. शेवटी कडू, पन चांगलं कडू. लाकडाचं."

गावातला माणूस हसला. परगावच्या माणसाच्या खांद्यावर त्याने हात ठेवला.

"आयकलं का? अन् म्हनते जिभेवर नाई ठेवली! मंग पिंप अर्धं कायनं झालं रे बावा?"

सगळे हसले. सावजीने माझ्याकडे पाहिले. मी बोलायला तोंड उघडले, पण त्याने मानेने नको म्हटले. मग त्याने पायलीवरून हात फिरवला, वरची शीग सारखी केली, आणि ज्वारी गिऱ्हाइकाच्या पोत्यात ओतली.